लायब्ररीतून ई-पुस्तकं घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लायब्ररीच्या ई-पुस्तकांबद्दल जे प्रश्न सारखे येत राहतात ते इथे एकत्र करून ठेवलेत. आधी सोपे, मग किचकट. एखाद्या उत्तराचा भाग दुसरीकडे असेल तर तिथला नंबर दिलाय, म्हणजे तेच ते परत वाचायला नको. घाईत असाल तर निदान प्रश्न ४ वाचाच, कारण बाकीची निम्मी डोकेदुखी तिथूनच सुरू होते.

१. हे खरंच फुकट असतं का? नंतर कुठेतरी पैसे कापणार नाहीत ना?

खरंच फुकट. सार्वजनिक लायब्ररीचं कार्ड चालू असेल तर ई-पुस्तक इश्यू करायला वेगळे पैसे पडत नाहीत, अ‍ॅपही फुकट, आणि अ‍ॅप तुमच्या बँकेच्या कार्डाचा नंबर विचारतच नाही. काही लायब्ररी सभासदत्वाची वर्गणी घेतात किंवा आपल्या हद्दीबाहेरच्यांकडून फी घेतात, ती गोष्ट वेगळी. पण एखादी साइट 'लाखो पुस्तकांची लायब्ररी, पहिला महिना फ्री' म्हणत बँकेच्या कार्डाचे डिटेल्स मागत असेल तर ती लायब्ररी नाही, दुकान आहे.

२. सुरुवात कुठून करू? माझ्याकडे फक्त मोबाईल आहे.

मोबाईल पुरतो. लायब्ररी कार्डाचा नंबर, त्याचा पिन आणि लायब्ररी वापरते ते अ‍ॅप, एवढंच लागतं. लोक अडकतात ते पिनवर, कारण कार्ड कधीतरी काढलेलं असतं, त्यावर छापील पुस्तकं आणलेली असतात, पण पिन कधी लागलेलाच नसतो. तो लायब्ररीच्या वेबसाइटवर रीसेट होतो, नाहीतर काउंटरवर विचारा. कार्डावर नंबर मध्ये मध्ये जागा सोडून छापलेला असेल तर टाकताना जागा सोडू नका, सलग टाका, 'कार्ड चालत नाही' या तक्रारीमागे बऱ्याचदा इतकंच असतं. अजून एक, घरबसल्या ऑनलाइन काढलेलं तात्पुरतं कार्ड असेल तर काही ठिकाणी पत्त्याचा पुरावा दाखवेपर्यंत ई-पुस्तकं मिळत नाहीत, काही ठिकाणी उलट फक्त ई-पुस्तकंच मिळतात. नियम ज्या त्या लायब्ररीचा.

३. लिबी, हूपला, क्लाऊडलायब्ररी, बोरोबॉक्स… यातलं कोणतं अ‍ॅप चांगलं?

हे तुम्ही ठरवायचं नसतंच, लायब्ररीने ठरवलेलं असतं. तिने ज्या कंपनीशी करार केलाय त्याच कंपनीच्या अ‍ॅपमध्ये तिची पुस्तकं दिसतात. म्हणून आधी अ‍ॅप टाकून मग लायब्ररी शोधू नका, लायब्ररीच्या साइटवर 'ई-बुक्स' किंवा 'डिजिटल' असा भाग असतो तिथून सुरुवात करा. बऱ्याच लायब्ररींकडे एकाहून जास्त सेवा असतात आणि एकीत नसलेलं पुस्तक दुसरीत निघतं, त्यामुळे दोन्ही ठेवायला हरकत नाही.

जुने लेख आणि व्हिडिओ 'ओव्हरड्राइव्ह अ‍ॅप डाऊनलोड करा' असं सांगतात. ओव्हरड्राइव्ह ही कंपनी आहे अजून, लिबी तिचंच, २०१७ साली आलेलं. पण त्यांचं ते जुनं अ‍ॅप २०२३ मध्ये बंद झालं, त्यामुळे ते शोधत बसू नका.

४. ई-पुस्तक म्हणजे शेवटी एक फाईल. मग 'सगळ्या प्रती बाहेर आहेत' म्हणजे काय? फाईल कशी संपते?

सगळ्यात जास्त येणारा आणि सगळ्यात जास्त चिडून विचारलेला प्रश्न. चिडणं बरोबरच आहे, कारण तांत्रिकदृष्ट्या काहीच संपलेलं नसतं. संपलेला असतो परवाना.

लायब्ररी छापील पुस्तक विकत घेते तेव्हा ते तिच्या मालकीचं होतं, फाटेपर्यंत कितीही जणांना द्या. ई-पुस्तक मात्र ती बहुतेक वेळा विकत घेतच नाही, प्रकाशकाकडून वापरायचा परवाना घेते, आणि त्या परवान्यात अटी असतात. सगळ्यात नेहमीची अट अशी की एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक. पाच परवाने असतील तर पाच जण वाचणार आणि सहावा नंबर लावून बसणार, अगदी छापील पुस्तकासारखं. प्रकाशकांना हेच हवं असतं, नाहीतर एक परवाना घेऊन लायब्ररीने सगळ्या गावाला पुस्तक वाटलं तर विकत कोण घेणार, असा त्यांचा हिशोब.

याच्यावर परत मुदत असते. काही परवाने दोन वर्षांनी संपतात, काही ठरावीक वेळा इश्यू झाल्यावर संपतात. हार्परकॉलिन्स या प्रकाशकाने २०११ मध्ये २६ वेळाचा नियम आणला तेव्हा बराच गदारोळ झाला होता. २६ का, तर दोन आठवड्यांच्या मुदतीने २६ वेळा दिलं की वर्ष होतं, म्हणजे गाजलेल्या पुस्तकाचा परवाना वर्षभरात पुन्हा घ्यायचा. मॅकमिलनने तर नोव्हेंबर २०१९ पासून नवीन पुस्तकाची पहिल्या आठ आठवड्यांत लायब्ररीला एकच प्रत द्यायची असं ठरवलं होतं, म्हणजे अख्ख्या शहराच्या लायब्ररीलाही एकच. लायब्ररींनी बहिष्कार वगैरे टाकले आणि मार्च २०२० मध्ये ते मागे घेतलं. वर हे परवाने मोठ्या प्रकाशकांकडून घेताना तुमच्या-आमच्या दुकानातल्या किमतीपेक्षा बरेच महाग पडतात.

मग हूपलावर वेटिंग का नसतं? तिथे हिशोब उलटा आहे. लायब्ररी आधी परवाना घेत नाही, तुम्ही पुस्तक घेतलंत की त्या वेळचे पैसे भरते. म्हणून कितीही जण एकदम घेऊ शकतात, पण दर महिन्याला किती घ्यायची याची मर्यादा असते, आणि कधी कधी 'आजची मर्यादा संपली, उद्या या' असा मेसेज येतो, तो लायब्ररीचं त्या दिवसाचं बजेट संपल्याचा मेसेज असतो, तुमचं काही चुकलेलं नसतं.

तेव्हा रांग दिसली की काउंटरवरच्या माणसावर ओरडू नका. तोही तिच्यावर वैतागलेलाच असतो.

५. '१८ आठवडे थांबा' असं दाखवतंय. खरंच चार महिन्यांहून जास्त?

बहुतेक वेळा नाही. तो आकडा सरळ गणिताने येतो. समजा ३० जण रांगेत, ५ प्रती, मुदत २१ दिवस. तर ३० भागिले ५ म्हणजे सहा फेऱ्या, प्रत्येकी तीन आठवडे, झाले १८ आठवडे. पण यात प्रत्येकाने शेवटच्या दिवसापर्यंत पुस्तक धरून ठेवलं असं धरलंय. प्रत्यक्षात कोणी चार दिवसांत वाचून परत करतं, कोणी पहिल्या प्रकरणात कंटाळतं, कोणी तोपर्यंत विकत घेऊन मोकळं होतं आणि रांगेतून निघतं. शिवाय रांग फार वाढली की बऱ्याच लायब्ररी जास्तीचे परवाने घेतात, तेव्हा नंबर लावणं हीच एक प्रकारे मागणी नोंदवणं असतं.

वाट बघायची नसेल तर दोन-तीन गोष्टी करून बघा. त्याच पुस्तकाची दुसरी आवृत्ती किंवा ऑडिओबुक आहे का बघा, त्यांची रांग वेगळी असते. लिबीत काही लायब्ररी 'स्किप द लाइन' नावाने थोड्या प्रती रांगेबाहेर ठेवतात, त्यांना नंबर लावता येत नाही आणि रिन्यूही होत नाहीत, दिसली की उचलायची. आणि दुसऱ्या लायब्ररीचं कार्ड असेल तर तिथेही बघा (प्रश्न १४).

६. महिनोन्‌महिने काही नाही आणि आता तीन होल्ड (नंबर लावलेली पुस्तकं) एकाच दिवशी आले! एवढं वाचू कधी?

हे सगळ्यांचंच होतं. घाबरून सगळी घेऊ नका आणि रागाने रद्दही करू नका. लिबीत होल्ड आल्यावर 'नंतर द्या' असा पर्याय असतो, तो निवडला की पुस्तक तुमच्या मागच्या माणसाला जातं पण तुमचा नंबर जात नाही, तुम्ही सांगितलेले दिवस झाले की पुढची मोकळी प्रत तुम्हाला. परीक्षा, प्रवास, घरात लग्न असं काही आधीच माहीत असेल तर होल्ड येण्याआधीच थांबवून ठेवता येतो, आणि थांबवलेला असताना सुद्धा तुम्ही रांगेत पुढे सरकत राहता. हे फारच कमी लोकांना माहीत असतं.

नोटिफिकेशनकडे दुर्लक्ष मात्र करू नका. उत्तर द्यायला साधारण तीन दिवस मिळतात, ते गेले की पुस्तक पुढे. ईमेल स्पॅममध्ये जात असेल तर अ‍ॅपचं नोटिफिकेशन चालू ठेवा.

७. परत करायला विसरलो तर दंड किती?

शून्य. मुदत संपली की पुस्तक आपोआप परत जातं. ई-पुस्तक हरवत नाही, फाटत नाही, चहा सांडत नाही.

पण वाचून झालं असेल तर मुदतीची वाट न बघता स्वतःहून परत करा, अ‍ॅपमध्ये त्या पुस्तकाच्या मेनूतच 'रिटर्न' असतं. रांग असलेलं पुस्तक दहा दिवस आधी सोडलंत तर मागच्या सगळ्यांचे दहा दिवस वाचले. तुमच्या इश्यूच्या मर्यादेतली एक जागाही मोकळी होते. फोनमधून पुस्तक नुसतं डिलीट केलं म्हणजे परत झालं असं नाही हं, डाऊनलोड पुसलं जातं पण नावावर ते तसंच राहतं.

८. मुदत उद्या संपतेय आणि शंभर पानं राहिलीत. वाढवून मिळेल का?

मागे कोणी रांगेत नसेल तर मिळेल. लिबीत रिन्यूचा पर्याय मुदतीच्या तीन दिवस आधीपासून दिसतो, त्याआधी शोधलात तर सापडणार नाही. रांग असेल तर रिन्यूच्या जागी परत नंबर लावायचा पर्याय येतो, तेव्हा लगेच लावून टाका. कुठपर्यंत वाचलं ते अ‍ॅप लक्षात ठेवतं, पुस्तक दोन महिन्यांनी परत आलं तरी त्याच पानावर उघडतं. खुणा आणि टिपाही राहतात, किंडलवर (अ‍ॅमेझॉनच्या ई-रीडरवर) वाचलं असेल तरी.

फक्त मधल्या काळात अ‍ॅप काढून टाकू नका. फोन बदलणार असाल तर जुना फोन फॉरमॅट करण्याआधी लिबीच्या सेटिंगमधून कोड घेऊन नव्या फोनमध्ये टाका (तो कोड थोडाच वेळ चालतो, दोन्ही फोन समोर ठेवूनच करा). नाहीतर कार्ड परत टाकल्यावर इश्यू केलेली पुस्तकं आणि होल्ड दिसतील, पण तुमच्या खुणा आणि याद्या गेल्या असं धरून चाला.

९. एअरप्लेन मोडची ट्रिक खरी आहे का?

किंडल ई-रीडरवर चालते. मुदत संपल्याचं त्याला वाय-फायवरून कळतं, त्यामुळे वाय-फाय बंद ठेवलं तर पुस्तक आत राहतं. मागच्या वाचकाचं नुकसान होतं का? नाही, कारण लायब्ररीच्या बाजूने मुदतीलाच पुस्तक परत गेलेलं असतं आणि पुढच्याला मिळालेलंही असतं. शेवटची तीस पानं राहिलीत म्हणून एक रात्र वाय-फाय बंद ठेवलं तर मला त्यात फार मोठं पाप दिसत नाही, पण सहा महिने डिव्हाइस ऑफलाइन ठेवून पुस्तकं साठवणं हे परवान्याच्या अटीत बसत नाही आणि तोपर्यंत नवीन पुस्तकही आत येणार नाही. अ‍ॅडोबीचं कुलूप असलेल्या फाईलवर (प्रश्न ११) हा प्रकार चालत नाही, तिथे मुदतीची तारीख फाईलसोबतच येते.

१०. किंडलवर लायब्ररीचं पुस्तक येतं का? कोणी हो म्हणतं, कोणी नाही.

दोघंही बरोबर. अमेरिकेतल्या लायब्ररीचं कार्ड असेल तर येतं, ही सोय तिथे सप्टेंबर २०११ पासून आहे: लिबीत 'किंडलवर वाचा' निवडायचं, अ‍ॅमेझॉनच्या साइटवर जाऊन लॉगिन करायचं, डिव्हाइस निवडायचं, आणि किंडलला वाय-फाय लावायचं. इतर देशांतल्या लायब्ररींसाठी ही सोय नाही, त्यामुळे कोणाचा तरी व्हिडिओ बघून तो पर्याय आपल्या लिबीत शोधत बसू नका, दिसणार नाही. देश तुम्ही कुठे बसलाय त्यावर नाही, लायब्ररी कुठली आहे त्यावर ठरतो.

अमेरिकेतल्या कार्डावरसुद्धा काही पुस्तकांना तो पर्याय नसतो, चित्रांची पुस्तकं, कॉमिक्स, काही प्रकाशक. ती लिबीतच वाचायची. आणि वायफाय लावूनही पुस्तक येत नसेल तर बहुतेक वेळा ते दुसऱ्या डिव्हाइसवर गेलेलं असतं, अ‍ॅमेझॉनवर तुमच्या नावाने जुना फोन अजून रजिस्टर आहे का बघा.

११. पुस्तक डाऊनलोड केलं तर एक एवढीशी 'एसीएसएम' फाईल आली, ती उघडतच नाही!

कारण ते पुस्तक नाहीये. ते टोकन आहे, काउंटरवर दाखवायचं. फाईलचा साइज बघा, काही केबीच असेल. त्यात पुस्तक कुठून आणायचं आणि कोणाला किती दिवस द्यायचं एवढंच लिहिलेलं असतं. कम्प्युटरवर अ‍ॅडोबी डिजिटल एडिशन्स हे फुकट सॉफ्टवेअर टाका, स्वतःचा अ‍ॅडोबी आयडी काढून त्यात लॉगिन करा, आणि मग ती फाईल त्यात उघडा, तेव्हा खरी ईपब किंवा पीडीएफ फाईल खाली येते. लगेच उघडा, कारण त्या टोकनचीही मुदत असते. ते ईमेलने मित्राला पाठवून काही होत नाही, पहिल्यांदा ज्या आयडीने उघडलं त्याचंच होतं.

मग केबलने ई-रीडर जोडायचा आणि सॉफ्टवेअरमधूनच पुस्तक त्यावर ओढायचं. फाईल मॅनेजरमधून नुसती कॉपी करून टाकलीत तर ई-रीडर 'परवानगी नाही' म्हणेल, कारण त्याला तुमचा आयडी माहीत नाही. कम्प्युटर आणि ई-रीडर दोन्हीवर एकच आयडी पाहिजे. 'हे पुस्तक दुसऱ्या युजरला दिलंय' असं काही आलं तर समजायचं की आयडीची गल्लत आहे, घरात कोणीतरी आधी आपल्या आयडीने कम्प्युटर जोडलेला असतो. विंडोजवर त्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि डी एकदम दाबलं की जुनी जोडणी पुसता येते, मग नवीन आयडीने जोडा. आधी त्या दुसऱ्या माणसाला विचारा मात्र, त्याची पुस्तकं त्या कम्प्युटरवर उघडायची बंद होतील.

कोबोवाल्यांना एवढं काही करावं लागत नाही. त्यांच्या बऱ्याच ई-रीडरमध्ये ओव्हरड्राइव्ह आतच असतं, सेटिंगमध्ये कार्ड टाकलं की झालं. फोन-टॅबवाल्यांनाही ही फाईल लागत नाही, अ‍ॅप आतल्या आत सगळं उरकतं.

१२. नेट नसताना वाचता येतं का?

हो, आधी डाऊनलोड झालेलं पाहिजे एवढंच. अ‍ॅप साधारणपणे वाय-फायवर असताना आपणहून उतरवून ठेवतं, पण विमानात बसायच्या आधी एकदा उघडून बघा. अक्षरांची पुस्तकं जागा फार खात नाहीत, ऑडिओबुक आणि कॉमिक्स खातात.

१३. घरातल्या चौघांनी एकच कार्ड वापरलं तर चालेल का?

चालतं, पण वैताग होतो. इश्यूची आणि होल्डची मर्यादा कार्डामागे असते, त्यामुळे मुलाने कॉमिक्सनी ती भरून टाकली की आईचा होल्ड अडकतो. कोण काय वाचतंय तेही सगळ्यांना दिसतं. लहान मुलांचंही वेगळं कार्ड बहुतेक ठिकाणी निघतं आणि त्यावर मोठ्यांची पुस्तकं दिसणार नाहीत अशी सोयही काही लायब्ररी करतात. उलट, एकाच फोनवरच्या लिबीत घरातली सगळी कार्डं टाकता येतात, हे जास्त सोयीचं.

१४. दोन-तीन लायब्ररींची कार्डं ठेवली तर नियमबाह्य आहे का? आणि गाव सोडल्यावर जुनं कार्ड?

प्रत्येक कार्डासाठी तुम्ही पात्र असाल तर काही नियमबाह्य नाही. राहता एकीकडे, कामाला जाता दुसरीकडे, शिकता तिसरीकडे, तर बऱ्याच ठिकाणी तिन्ही मिळतात. लिबी सगळी कार्डं एकत्र दाखवतं आणि कुठे रांग कमी आहे ते कळतं. खोटा पत्ता देऊन कार्ड काढायचे सल्ले फिरत असतात, ते करू नका, तो खर्च तिथल्या कर भरणाऱ्यांच्या पैशातून होतो.

प्रवासात कार्ड चालतं, लिबीला तुम्ही कुठे बसलाय याच्याशी सहसा देणंघेणं नसतं, पण काही सेवा देशाबाहेर गेल्यावर बंद पडतात, त्यामुळे आधी डाऊनलोड करा (प्रश्न १२). कायमचे दुसरीकडे गेलात तर कार्डाची मुदत संपेपर्यंत चालत राहील, रिन्यू करताना पत्ता विचारतील तेव्हा खरं सांगा. कार्ड संपलं की नवीन इश्यू बंद होतं, आणि हे अ‍ॅप नीट सांगत नाही, नुसतं 'कार्डात अडचण' म्हणतं. तो मेसेज आला की आधी कार्डाची तारीख बघा.

१५. मला हवं ते पुस्तक लायब्ररीत नाहीच. दुसऱ्या लायब्ररीतून मागवून देतील का?

छापील असेल तर कदाचित. ई-पुस्तक नाही, कारण परवाना त्या एकाच लायब्ररीपुरता असतो, दुसरीला उसना देता येत नाही. लायब्ररींनी मिळून आधीच एकत्र संग्रह केला असेल तर तो तुम्हाला आपोआप दिसतोच.

तुम्ही काय करू शकता? लिबीत नसलेल्या पुस्तकावर घंटेचं चिन्ह असतं, 'आलं की कळवा'. ते लावा, लायब्ररीला तुमची मागणी दिसते. लायब्ररीच्या साइटवर पुस्तक सुचवायचा फॉर्म असेल तर तोही भरा. पण काही पुस्तकांचा परवाना प्रकाशक लायब्ररीला देतच नाहीत, तिथे लायब्ररीने कितीही डोकं आपटलं तरी उपयोग नाही.

१६. मागच्या महिन्यात होतं ते पुस्तक आता शोधूनही सापडत नाही. काढून टाकलं का?

बहुतेक परवाना संपला (प्रश्न ४). दोन वर्षं झाली किंवा ठरलेल्या वेळा इश्यू होऊन झालं, आणि मागणी कमी होती म्हणून लायब्ररीने परत पैसे घातले नाहीत. यात सगळ्यात जास्त बळी जातात मालिकांचे मधले भाग. पहिला भाग असतो, चौथा असतो, दुसरा-तिसरा गायब, कारण त्यांना कोणी हातच लावलेला नसतो. अशा वेळी खरंच लायब्ररीला लिहा, दोन ओळी पुरतात. मधला भाग परत आलेला बघितलाय.

१७. मराठी पुस्तकं मिळतात का? आणि मिळालेल्या पुस्तकात जोडाक्षरं तुटलेली का दिसतात?

मिळतात की नाही हे लायब्ररीवर, आणि त्याहून जास्त प्रकाशकावर. प्रकाशकाने लायब्ररीसाठी परवाना ठेवलाच नसेल तर लायब्ररीची इच्छा असूनही नाही. शोधताना नुसतं नाव टाकून सोडून देऊ नका: भाषेच्या फिल्टरमध्ये मराठी निवडा आणि जे असेल ते सगळं बघा. कारण कॅटलॉगमध्ये एकच लेखक कुठे देवनागरीत, कुठे रोमन स्पेलिंगने, कुठे ऱ्हस्व-दीर्घ चुकवून नोंदवलेला असतो. आडनाव दोन्ही लिपीत टाकून बघा.

जोडाक्षरांचं दुखणं फॉन्टचं असतं. 'प्रकाश' मधला प्र सुटून 'प्‌रकाश' दिसतो, किंवा वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते, किंवा नुसते चौकोन. वाचायच्या सेटिंगमध्ये जाऊन तुम्ही निवडलेला फॉन्ट काढा आणि 'पब्लिशर डिफॉल्ट' ठेवा, बऱ्याचदा तेवढ्याने सुटतं, कारण प्रकाशकाने फाईलमध्येच देवनागरी फॉन्ट भरलेला असतो आणि तुम्ही हौसेने बदललेला लॅटिन फॉन्ट त्याच्यावर चढलेला असतो. तरी नाही सुधारलं तर तेच पुस्तक दुसऱ्या डिव्हाइसवर उघडून बघा. जुन्या ई-रीडरपेक्षा फोनवर देवनागरी नीट दिसायची शक्यता जास्त. पुस्तक पीडीएफ असेल तर जोडाक्षरं तुटत नाहीत पण अक्षर मोठं केलं की पान इकडे तिकडे सरकवत वाचावं लागतं, ते फोनवर जिकिरीचं, टॅबवर ठीक.

ज्यांचा कॉपीराइट संपलाय अशा जुन्या मराठी पुस्तकांसाठी कार्डाची गरजच नाही, विकिस्रोतवर बघा.

१८. इंटरनेट आर्काइव्हवरही पुस्तकं 'बॉरो' करता येतात. तेच ना हे?

नाही, दिसायला सारखं पण पाया वेगळा. लायब्ररी प्रकाशकाकडून परवाना घेते. इंटरनेट आर्काइव्ह छापील प्रत स्वतः स्कॅन करून, जितक्या प्रती हातात तितक्याच एका वेळी उसन्या द्यायच्या, अशा तत्त्वावर देत होतं, कोणाचा परवाना न घेता. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊनच्या काळात त्यांनी ती प्रतींची मर्यादाही काही काळ काढली. जून २०२० मध्ये चार मोठ्या प्रकाशकांनी केस टाकली, मार्च २०२३ मध्ये निकाल आर्काइव्हच्या विरोधात गेला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलातही तोच कायम राहिला. पाच लाखांवर पुस्तकं उसनी द्यायच्या यादीतून काढावी लागली. म्हणून तिथे पूर्वी मिळणारं पुस्तक आता मिळत नसेल तर कारण हे. कॉपीराइट संपलेली पुस्तकं तिथे आहेतच, ती उघड डाऊनलोड करा.

१९. मी काय वाचतो हे कोणाला कळतं?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त जणांना. छापील पुस्तकाच्या वेळी फक्त लायब्ररी असते, इथे मध्ये अ‍ॅपची कंपनी असते, आणि किंडलवर घेतलंत तर अ‍ॅमेझॉनही, कारण ते पुस्तक तुमच्या अ‍ॅमेझॉन खात्यात जातं. लायब्ररीचे गोपनीयतेचे नियम कडक असले तरी ते त्या कंपन्यांना लागू होतातच असं नाही. आजार, कोर्टकचेरी, घरातलं भांडण अशा विषयावर काही वाचायचं असेल आणि मागे नोंद नको असेल तर लायब्ररीत जाऊन शेल्फवरचं पुस्तक तिथेच बसून वाचणं अजूनही सगळ्यात सुरक्षित.

२०. लेखकाला यातून काही मिळतं का, की आपण फुकटे?

मिळतं. परवान्याच्या पैशातून रॉयल्टी जाते, आणि परवाना परत परत घ्यावा लागतो तेव्हा परत जाते. काही देशांत लायब्ररीतून पुस्तक गेलं की लेखकाला सरकारकडून वेगळं मानधनही मिळतं. ही पद्धत सगळ्यात आधी १९४६ मध्ये डेन्मार्कने सुरू केली, आणि ब्रिटनमध्ये जुलै २०१८ पासून घरबसल्या घेतलेली ई-पुस्तकंही त्यात धरतात. तेव्हा अपराधी वाटून घेऊ नका.

२१. डीआरएम (फाईलवरचं डिजिटल कुलूप) काढून पुस्तक कायमचं ठेवलं तर?

ते कसं करायचं हे इथे मिळणार नाही. परवान्याचा भंग आहे आणि बऱ्याच देशांत कुलूप तोडणं हाच वेगळा गुन्हा आहे. कायमचं ठेवावंसं वाटलं तर विकत घ्या.

२२. मी विकत घेतलेली ढीगभर ई-पुस्तकं आहेत, वाचून झालीत. लायब्ररीला दान करू का?

भावना छान, पण नाही करता येत. दुकानातून 'विकत' घेतलेलं ई-पुस्तकही बहुतेक वेळा परवानाच असतो, तुमच्या एकट्याच्या नावाचा. छापील पुस्तक तुम्ही विकू शकता, देऊ शकता, ई-पुस्तकाला तो हक्क लागू नाही, युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये जुन्या ई-पुस्तकांच्या विक्रीबद्दल हेच सांगितलं. गंमत म्हणजे त्याच न्यायालयाने नोव्हेंबर २०१६ मध्ये, एका वेळी एकालाच द्यायचं असेल तर लायब्ररीचं ई-पुस्तक देणं छापील पुस्तक देण्यासारखं धरता येईल, असंही म्हटलं होतं. पण ते लायब्ररीबद्दल, तुमच्या खात्यातल्या फाईलबद्दल नाही. लॉगिन आणि पासवर्डसकट अख्खं खातं लायब्ररीला द्यायचा विचार असेल तर तोही सोडा, ते घेऊ शकत नाहीत. ई-पुस्तकांसाठी म्हणून देणगी घेतात का हे लायब्ररीला विचारा, आणि छापील पुस्तकं आणायची असतील तर गाडीत घालायच्या आधी फोन करा.